चकाकतं ते स्वच्छ नसतं!

टेक्ससमधलं एक मराठी घर, गॅरेजमधला एक हटके छंद आणि दोन वर्षांच्या मुलीचा ब्लड रिपोर्ट. रिकाम्या काडतुसांची पितळी कवचं घासणाऱ्या माझ्या दादाची ही गोष्ट.

शनिवार, सकाळचे साडेसहा. जेटलॅगमुळे माझी झोप केव्हाच उडालेली. गॅरेजमधून एकसारखा घरघर-खळखळ आवाज येत होता. म्हटलं, वहिनीने इडलीचं वाटायला लावलेलं दिसतंय. चहाच्या आशेने दार ढकललं, तर आत आमचा दादा. बर्म्युडा, जुनाट टी-शर्ट, हातात निळे रबरी ग्लोव्हज. टेबलावर एक छोटा आडवा ड्रम गोल गोल फिरतोय.

"काय वाटतोयस रे?" मी विचारलं.

"वाटत नाहीये, घासतोय. पितळ." आणि मला उंबऱ्यातच थांबवत म्हणाला, "आत यायचं तर त्या बाजूच्या चपला घाल. घरातल्या इथे चालत नाहीत."

आपल्याकडे देवघरात जाताना चपला काढायला लावतात. इथे गॅरेजमध्ये जाताना बदलायला लावत होते! मला जाम हसू आलं. दोन दिवसांनी सगळी गोष्ट कळली, तेव्हा मात्र आलं नाही.

ही २०२५ च्या जूनमधली गोष्ट. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. पुण्यात इंजिनीअरिंग करून २००४ मध्ये अमेरिकेला गेला. आता डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोमध्ये घर, वहिनी, चार वर्षांची माझी भाची. सोमवार ते शुक्रवार तुमच्या-माझ्यासारखंच आयुष्य : लॅपटॉप, कॉल्स, डेडलाइन. शनिवारी मात्र साहेब शहराबाहेरच्या शूटिंग रेंजवर. व्हिसावर असताना तिथे सहसा बंदूक बाळगता येत नाही, त्यामुळे हा शौक ग्रीनकार्ड हातात पडल्यावरचा. माणसांवर तर सोडाच, चिमणीवरही कधी बंदूक धरली नाही त्याने. कागदी टार्गेट, शंभर यार्डांचं अंतर आणि श्वास रोखून धरायचा. "ऑफिसच्या आठवड्यात तेवढीच वीस मिनिटं डोक्यात काही नसतं," असं त्याचं म्हणणं.

पुंगळी फेकायची नसते

गोळी सुटते म्हणजे नक्की काय होतं? माझं ज्ञान हिंदी सिनेमापुरतं. दादाने टेबलावर चार गोष्टी मांडल्या आणि क्लास घेतला. काडतुसाचे भाग चार. टोकाला बसवलेली गोळी, आतली दारू, बुडाशी असलेला प्रायमर आणि हे सगळं धरून ठेवणारं पितळेचं नळकांडं, म्हणजे पुंगळी. प्रायमर म्हणजे दिवाळीतल्या खेळण्यातल्या पिस्तुलाची टिकली समजा. घोडा ओढला की पिन टिकलीवर आदळते, ठिणगी पडते, दारू पेटते, गोळी जाते. मागे उरते ती पुंगळी. पोलिसांच्या बातमीत 'घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' असं वाचतो ना, तीच.

ही पुंगळी काडतुसातला सगळ्यात महागडा भाग. ती नीट असेल तर पुन्हा पुन्हा वापरता येते. नवी टिकली, नवी दारू, नवी गोळी. याला म्हणतात रीलोडिंग. अमेरिकेत हा लाखो हौशी लोकांचा उद्योग आहे. पैसे वाचतात, आपल्या बंदुकीला मानवेल असं काडतूस बनवता येतं आणि बाजारात माल नसला तरी अडत नाही. २०२०-२१ मध्ये कोविडच्या काळात तिथे काडतुसांची अशी टंचाई झाली की दुकानांचे रॅक रिकामे. दादाने त्याच दिवसांत रेंजवर पडलेल्या स्वतःच्या पुंगळ्या डब्यात भरून घरी आणायला सुरुवात केली.

तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरापुरतं रीलोडिंग करायला परवाना लागत नाही. विकायचं म्हटलं की लागतो. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि काडतुसं बनवायची तर परवाना हवाच. त्यामुळे 'घरी ट्राय करून बघा' टाइपचा हा लेख नाही, हे आधीच सांगते. आणि हो, प्रत्येक पुंगळी पुन्हा भरता येते असंही नाही. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं, त्या प्रकारातलं पॉइंट टू-टू काडतूस एकदाच वापरायचं. त्याला वेगळी टिकली नसते, ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो.

आजीची चिंच, दादाचं लिंबूसत्व

बाकीच्या पुंगळ्या भरण्याआधी धुवाव्या लागतात. का? तर आत-बाहेर काजळी, रेंजवरची माती आणि वाळूचे कण. पुढच्या पायरीला पुंगळी एका पोलादी साच्यात दाबून मूळ मापावर आणतात. तेव्हा वाळूचा एक कण जरी अडकला तरी साच्यावर चरा पडतो आणि मग पुढच्या प्रत्येक पुंगळीवर तोच चरा. शिवाय काजळीखाली बारीक चीर लपलेली असली तर दिसत नाही. चीर गेलेली पुंगळी पुन्हा भरायची म्हणजे स्वतःच्या तोंडाशेजारी धोका पत्करायचा.

दादाची पद्धत अशी. आधी निवडणं, अगदी तांदूळ निवडल्यासारखं. वेगवेगळ्या मापाच्या पुंगळ्या वेगळ्या. लोहचुंबक फिरवून वरून पितळी दिसणाऱ्या लोखंडी बाजूला. एखादं न उडालेलं, जिवंत काडतूस चुकून त्यात आलंय का, हे प्रत्येक नग हातात घेऊन बघायचं. मग एका छोट्या दाबयंत्राने जळलेली टिकली खालून बाहेर काढायची, म्हणजे तिची खाचही धुतली जाते. त्यानंतर सगळ्या पुंगळ्या ड्रममध्ये. सोबत पाच पौंड स्टेनलेस स्टीलच्या बारीक पिना, पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड. म्हणजे आपलं लिंबूसत्व.

ड्रम दोन-तीन तास फिरतो. पिना कोपऱ्याकोपऱ्यात शिरून घासतात, आंबटपणा पितळेवरचा काळा थर सोडवतो, साबण तो पाण्यात धरून ठेवतो. दादाने झाकण उघडलं तेव्हा पाणी डांबरासारखं काळं होतं आणि पुंगळ्या लग्नातल्या समयांसारख्या लखलखीत!

"अरे, ही तर आजीची चिंच!" मी ओरडलेच. गणपतीच्या आधी आमची आजी पाटावर बसून चिंच-मिठाने ताम्हणं घासायची. पुढे पितांबरी आली तरी तिचा भरवसा चिंचेवरच.

"सेम फंडा," दादा म्हणाला. "पण आजीला दुसरी बाजूही माहीत होती. ती पितळी भांड्यात ताक ठेवू द्यायची का?"

नाही. कळकतं ना ते. म्हणून तर आत कल्हई. जो आंबटपणा पितळ उजळवतो, तोच पितळ खातोही. पुंगळीच्या पितळेत सुमारे सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. लिंबूसत्व जास्त झालं किंवा पुंगळ्या त्यात तासन्‌तास पडून राहिल्या, की वरच्या थरातलं जस्त आधी निघून जातं आणि पितळ गुलाबी दिसायला लागतं. सुरुवातीच्या दिवसांत दादाने अशी एक अख्खी बॅच गुलाबी करून ठेवली होती. 'चिमूटभर' म्हणजे चिमूटभरच, हे त्याला तेव्हा कळलं.

तबेला, पावसाळा आणि तडे

"मग ते मेटल पॉलिश का नाही वापरत? पाच मिनिटांत काम," मी आपली शहाणपणा करायला गेले.

दादाचे डोळे चमकले. पॉलिशपेक्षा जास्त. "कारण आपला पावसाळा!"

त्याने सांगितलेली ही गोष्ट धातुशास्त्राच्या पुस्तकांत आहे आणि तिची मुळं आपल्या देशात आहेत. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश फौजेच्या लक्षात आलं, की साठवून ठेवलेल्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जातात. कुणी हात लावलेला नाही, गोळी झाडलेली नाही, तरी तडे. सीझनमध्ये होतं म्हणून नाव पडलं 'सीझन क्रॅकिंग'. कोडं नीट उलगडलं ते १९२१ मध्ये. दारूगोळा ठेवला जायचा तबेल्यांत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, त्यात पावसाळी दमट हवा, आणि पुंगळी ओढून-ताणून बनवताना पितळेच्या अंगात राहून गेलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. उपाय साधा निघाला : बनवल्यावर पुंगळी हलकीशी तापवून तो ताण मोकळा करायचा.

म्हणून रीलोडिंगवाल्यांचा पहिला नियम, अमोनिया असलेलं पॉलिश पुंगळीला लावायचं नाही. ते चकाकी देतं, पण पितळ आतून दुबळं करतं. बाहेरून झकास, आतून चीर. ऑफिसमध्येही असे नग भेटतात म्हणा!

इथपर्यंत माझा लेख डोक्यात तयार होता. हलकाफुलका, मजेशीर, हेडिंगसकट. मग रविवारी रात्री जेवण झाल्यावर मी सहज विचारलं, "दादा, ते चपलांचं काय प्रकरण आहे?"

वहिनी ताटं उचलत होती. ती थांबली. दादाने तिच्याकडे पाहिलं. "सांग की," ती म्हणाली. "लेखात लिहू दे तिला."

तो रिपोर्ट

ड्रम आणि पाण्याची पद्धत दादाकडे नंतर आली. आधी दोन वर्षं तो कोरड्या पद्धतीने पुंगळ्या घासायचा. त्यात एक थरथरणारं पातेलं असतं. त्यात मक्याच्या कणसाचा नाहीतर अक्रोडाच्या कवचाचा भुगा आणि पुंगळ्या घालून मशीन चालू करायचं. काही तासांत पुंगळ्या चकचकीत. मग सगळं चाळणीत ओतायचं, भुगा खाली, पुंगळ्या वर. पाणी नको, वाळवण नको.

फक्त धूळ उडते.

टेक्ससच्या उन्हाळ्यात गॅरेज म्हणजे भट्टी. म्हणून दादाने ते मशीन घरात घेतलं, कपडे धुवायच्या खोलीत, एसीमध्ये. चाळायचाही तिथेच, ड्रायरच्या शेजारी. तेव्हा माझी भाची नुकती रांगायला आणि मग दुडुदुडु पळायला लागलेली. आईच्या मागे त्या खोलीत जायची, फरशीवर बसायची, कपड्यांच्या ढिगात लोळायची. आणि त्या वयातली मुलं करतात तेच करायची. हात तोंडात.

२०२३ मध्ये दोन वर्षांची झाल्यावर तिची नेहमीची तपासणी झाली. त्यात रक्तातल्या शिशाचीही टेस्ट होती. आकडा आला आठ. म्हणजे एक डेसिलिटर रक्तात आठ मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेने २०२१ पासून लहान मुलांसाठी साडेतीन ही रेषा ठरवलीय. त्यापुढे आकडा गेला की शिसं कुठून येतंय ते शोधायला लागायचं. साडेतीनच्या आत म्हणजे सेफ, असंही नाही. मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, यावर आज डॉक्टरांचं एकमत आहे. कारण ते वाढत्या मेंदूवर परिणाम करतं. शिकणं, लक्ष लागणं, वागणं, सगळ्यावर. आणि वरून काहीच दिसत नाही. ना ताप, ना खोकला.

डॉक्टरांनी प्रश्न विचारले. घर किती सालचं? अमेरिकेत घरांच्या रंगात शिसं घालायला १९७८ मध्ये बंदी आली, म्हणून जुनं घर हा पहिला संशयित. पण यांचं घर २०१२ चं. मग पुढचा प्रश्न : भारतातून आणलेले मसाले? हळद? मुलीच्या डोळ्यांत काजळ घालता?

प्रश्न चुकीचा नव्हता. काजळ-सुरम्यात आणि भेसळीच्या हळदीत शिसं सापडतं, हे खरंच आहे. आणि मावशी, म्हणजे दादाची आई, तीन महिन्यांपूर्वीच तिथे राहून आलेली. बॅगेत हळद, गोडा मसाला आणि नातीसाठी काजळाची डबी.

मला ते दिवस पुण्याच्या बाजूने आठवतात. मावशी आमच्या घरी सोफ्यावर बसून होती, चहा थंड झालेला. "माझ्या हातानं घातलं गं मी तिच्या डोळ्यांत," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिथे दादा-वहिनीने हळद, मसाला, काजळ सगळं सील करून तपासायला पाठवलं. सोबत घरातल्या धुळीचे नमुने. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, मुलीची खोली आणि सहज म्हणून कपडे धुवायची खोली.

हळदीत काही निघालं नाही. काजळात काही निघालं नाही. कपडे धुवायच्या खोलीतल्या फरशीच्या धुळीत निघालं.

ती जी टिकली आहे ना, तिच्यात बहुतेक काडतुसांमध्ये शिशाचं एक संयुग असतं, लेड स्टिफनेट. ते पेटतं तेव्हा शिशाची बारीक राख पुंगळीच्या आत आणि बुडाशी चिकटते. पुंगळी घासली की ती राख भुग्यात येते. भुगा चाळला की हवेत. हवेतून फरशीवर, कपड्यांवर, चिमुकल्या हातांवर.

"मी पुंगळ्या चमकवत होतो," दादा म्हणाला, "आणि जी घाण काढतोय ती जातेय कुठे, हे एकदाही विचारलं नाही."

त्याने त्या रात्री मावशीला फोन केला. काय बोलला ते त्याने सांगितलं नाही. मावशीने मला सांगितलंय. तो म्हणाला, "आई, तुझं काजळ नव्हतं गं. मी होतो." आणि मग बराच वेळ दोघंही बोलले नाहीत.

आता गॅरेजचा कायदा

कोरडं मशीन गेलं. ती खोली ओल्या फडक्यांनी पुन्हा पुन्हा पुसून काढली. झाडू बंद, कारण झाडूने धूळ नुसती जागा बदलते. भाचीच्या खाण्यात लोह आणि कॅल्शियम नीट जाईल हे डॉक्टरांनी बघितलं. दर काही महिन्यांनी टेस्ट. आठ, मग पाच, मग तीनच्या खाली. रक्तातलं शिसं काही आठवड्यांत कमी व्हायला लागतं, पण काही भाग हाडांत जाऊन बसतो आणि तिथे वर्षानुवर्षं राहतो. भाची आज धडधाकट आहे, इंग्लिश-मराठीत अखंड बडबड करते. तरी पुढे कधी काही परिणाम दिसेल का, हे कुणीच छातीठोक सांगत नाही. वहिनी म्हणाली, "ती एखादा शब्द विसरली ना, तरी माझ्या पोटात गोळा येतो. कुठलंही मूल विसरतं गं. पण मला आता तसं वाटत नाही."

मी तिला विचारलं, मग छंद बंदच का नाही केला? तिने खांदे उडवले. "मीच म्हटलं, कर. पण माझ्या नियमांनी."

ओल्या पद्धतीत धूळ उडत नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा. पण शिसं गायब होत नाही, ते त्या काळ्या पाण्यात असतं. दादा ते पाणी ना किचनच्या सिंकमध्ये ओतत, ना अंगणातल्या मेथी-कोथिंबिरीला घालत. झाकणाच्या बादलीत साठवून, घरगुती घातक कचरा घेणाऱ्या स्थानिक केंद्रात नेऊन देतो. धुतलेल्या पुंगळ्या जुन्या टॉवेलवर टेक्ससच्या उन्हात वाळतात. तो टॉवेल घरच्या मशीनमध्ये कधीच येत नाही. वाळल्यावर दादा एकेक पुंगळी टॉर्चखाली धरतो. आत पिन अडकलीय का, तोंडाशी चीर आहे का, बुडाच्या जरा वर चकचकीत कडी दिसतेय का. ती कडी म्हणजे तिथलं पितळ पातळ होत आल्याची खूण, पुंगळी बाद.

पूर्वी तो पुंगळी आरशासारखी दिसेपर्यंत घासायचा. आता काजळी निघाली, चीर बघता आली की पुरे. थोडी मळकट दिसली तरी गोळी सरळच जाते.

सगळं आवरल्यावर दादाने मला एक पुंगळी दिली. "घे, आठवण." सोन्यासारखी झळकत होती. क्षणभर मोह झाला. मग डोळ्यांसमोर आला विमानतळावरचा एक्स-रे आणि 'मॅडम, बॅगेत काडतूस कसं?' हा प्रश्न. परत ठेवली.

गॅरेजमधून घरात यायच्या दारात बेसिन बसवलंय. शिशासाठी मिळणारा खास साबण तिथे ठेवलेला असतो, साध्या साबणाने ते पुरतं निघत नाही. मी चपला बदलून आत पाऊल टाकणार, तेवढ्यात समोर भाची. दोन्ही हात कमरेवर.

"आत्या, हात धुतले?"

"अगं, मी नुसती पुंगळी धरली होती. धुतलेली."

"तरी धू."

मी मुकाट्याने धुतले. कोपरापर्यंत.

चौकट : दादाच्या गॅरेजवरची पाटी

• घरात नाही. स्वयंपाकघरात तर नाहीच. जागा वेगळी, हवा खेळती.

• इथे खाणं-पिणं नाही, सिगरेट नाही. हात तोंडाकडे जायला नको.

• ग्लोव्हज घाला. चपला आणि कपडे इथले इथेच.

• आधी निवडा. ड्रममध्ये जिवंत काडतूस चुकूनही नको.

• अमोनिया नाही. लिंबूसत्व चिमूटभर.

• काळं पाणी बादलीत. झाडांना नाही, सिंकमध्ये नाही.

• झाडू नको, ओलं फडकं.

• मुलांना प्रवेश बंद. (खाली खडूने, वहिनीच्या अक्षरात : 'वर्षातून एकदा बाबाचीही ब्लड टेस्ट.')